भर दुपारचा दिवा

नर्सबाईंची जुनी पांढरी गाडी तिसऱ्यांदा आमच्या गॅरेजच्या दारात आली, तेव्हा मी आत भांडी घासत होते. बाहेर न बघताच मला कळलं. ती गाडी थांबायला आली की आधी थरथरते, मग एक आचका देते आणि बंद पडते. तो आचका ऐकला आणि हातातलं पातेलं तसंच ठेवून मी बाहेर आले.

आमचं घर आणि गॅरेज यांच्यात एकच दार, आणि तेही कधी लागत नाही. लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकघराला ग्रीसचा वास येतो आणि यांच्या गॅरेजला कांद्याचा. आमचे हे म्हणजे मिस्त्री. सगळा रस्ता त्यांना मिस्त्रीच म्हणतो. नवीन गाड्या आमच्याकडे येत नाहीत, त्यांना कॉम्प्युटर लावावा लागतो. आमच्याकडे येतात त्या म्हाताऱ्या गाड्या, ज्यांना दुसरं कोणी दारात उभं करत नाही.

नर्सबाई गाडीतून उतरून थेट यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं बघतात. कोणाची जखम धुवायची, कोणाला इंजेक्शन द्यायचं. गाडी बंद पडली की तिकडे कोणीतरी दुखणं धरून वाट बघत बसतं.

"मिस्त्री, काल पुन्हा चौकात बंद पडली," त्या म्हणाल्या. "मागे ही रांग लागली! ढकलायला दोन पोरं उतरली तेव्हा निघाले. तुम्ही केलंत त्यानंतर चार दिवस बरी होती हो."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. माझा राग नाकावरच असतो, पण समोरच्याने काहीतरी टोकायला तर हवं! संध्याकाळी येते म्हणाल्या, पिशवी खांद्याला लावली आणि चालत गेल्या.

हे बराच वेळ त्या गाडीकडे बघत उभे होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आज ही जमली नाही ना, तर मी टायरवाल्याला हो सांगून टाकतो."

टायरवाला म्हणजे आमचा शेजारी. माणूस भला आहे, पण त्याचं दुकान ओसंडून वाहतंय आणि त्याला आमची जागा हवी आहे. कधीपासून विचारतोय, तेही किती अदबीने. आत्तापर्यंत हे नुसते हसून मान हलवायचे. आज पहिल्यांदाच "हो" हा शब्द यांच्या तोंडून निघाला. गॅरेज बंद म्हणजे हे घरी बसणार. घरी बसून हे काय करणार? भिंती बघणार. या माणसाला दुसरं काही येत नाही, आणि मला दुसरा नवरा चालायचा नाही.

खरं दुखणं गाडीचं नव्हतं, ते सांगते. यांना ऐकू येत नाही. अगदीच येत नाही असं नाही. जाड आवाज येतात. ट्रकचा हॉर्न, हातोडा, टायरवाल्याचं हसणं. बारीक आवाज गेले. आधी किटलीची शिट्टी गेली, मग फोन, मग सकाळची पाखरं. माझा आवाज बारीक आहे, चिरका म्हणा हवं तर. म्हणजे घरातली माणसं म्हणाल, तर सगळ्यात आधी मीच गेले.

आणि यांचं सगळं काम त्या बारीक आवाजावर. जुन्या गाडीचं इंजिन चालताना हवा ओढतं. त्या ओढीला व्हॅक्यूम म्हणतात, आणि त्याच ओढीवर गाडीतली कितीतरी बारीकसारीक कामं होतात. ती ओढ इकडून तिकडे न्यायला रबराचे पाइप असतात, कुठला अंगठ्याएवढा, कुठला बुटाच्या नाडीएवढा. रबर म्हातारं झालं की चिरतं. चिरेतून नको ती हवा आत शिरते, इंजिनचा श्वास चुकतो, गाडी थरथरायला लागते. ती चीर डोळ्यांना दिसत नाही. नुसती फुस्स करते, आणि तेही इंजिनच्या धडधडीखाली. हे काय करायचे, हातभर रबरी नळी घ्यायचे, एक टोक कानात आणि दुसरं टोक पाइपांवरून हळूहळू फिरवायचे. फिरवता फिरवता थांबायचे, म्हणायचे, "हा बघ, सापडला चोर." गिऱ्हाईक विचारायचं, कसं काय हो मिस्त्री? हे कानाच्या पाळीला हात लावायचे. एवढीच काय ती यांची ऐट.

दोन वर्षांपूर्वी जेवताना मी म्हटलं, कान दाखवून या एकदा. साधंच म्हटलं. बरं, साधं नाही, ओरडून म्हटलं, कारण त्याआधी तीनदा साधं म्हणून झालं होतं. हे ताटावरून उठले. "बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणेल?" एवढंच म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून त्या विषयाला मी हात लावला नाही. मूग गिळून बसले. फोन वाजला की मीच धावते. गिऱ्हाईक मागून काही बोललं की मी मध्ये पडून तेच मोठ्याने विचारते, "काय म्हणालात? ब्रेक कडक लागतोय?" लोकांना वाटत असेल की बाईच बहिरी आहे. वाटू दे! माझं काय जातंय?

नळी मात्र हे अजून कानात घालतात. तेवढं मला बघवत नाही.

त्याच सुमारास यांनी एक नवीन खूळ काढलं होतं. पाइप तपासायचे असले की मला हाक. "अगं, दिवा धर जरा." भर दुपारी! दारातून लख्ख ऊन आत आलेलं, आणि मी आपली हातात दिवा घेऊन बोनेटपाशी उभी. मी कितीदा म्हटलं, अहो, उजेडात दिवा कशाला, लोक हसतील. पण यांना दिवा हवाच. शिवाय माझा हात धरून तो जरा वर करणार, आणखी वर करणार. आणि मग पाइपांकडे कमी आणि माझ्याकडेच जास्त बघत राहणार. या वयात! "खाली बघा, बोट जाईल पंख्यात," असं मी म्हणायचे, पण आपलं म्हणायचं म्हणून. खरं तर दिवा धरायला जाण्याआधी मी केस नीट करायला लागले होते. आता हसा हवं तर.

तर त्या दिवशीही हाक आली. मी केस बांधले, दिवा घेतला आणि जाऊन उभी राहिले.

याआधी दोनदा यांनी या गाडीवर काम केलं होतं. पहिल्यांदा दोन बारीक पाइप चिरलेले निघाले, ते बदलले. दुसऱ्यांदा कार्बोरेटरच्या खालची पॅकिंग खराब निघाली, तीही बदलली. दोन्ही दुखणी खरी होती, पण हे दुखणं ते नव्हतं. गाडी चौकात बंद पडते म्हणजे इंजिन हळू चालताना दम सोडतंय, असं यांनी धरलं होतं. कोणीही तेच धरलं असतं.

यांनी इंजिन सुरू केलं. नळी कानात घातली. पकडीच्या दातांना चिंधी गुंडाळलेली असते, रबराला लागू नये म्हणून. त्या पकडीने एक पाइप दाबला, माझ्याकडे बघितलं. सोडला. दुसरा दाबला, बघितलं. तिसरा दाबला, बघितलं. मधूनच माझा हात धरून दिवा वर केला. मग सांध्यांवर थेंब थेंब पाणी सोडून बघितलं, कुठे ओढलं जातंय का. मग व्हॅक्यूम मोजायचा काटा लावला. काटा जागचा हलेना. इंजिन तर असं चाललं होतं की बघणाऱ्याला वाटावं, या बिचारीला उगाचच बदनाम केलंय.

दोन तास गेले असतील. माझा हात अवघडला, पण दिवा मी तसाच धरून ठेवला. यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. शेवटी यांनी कानातली नळी काढली, बोनेटच्या कडेवर ठेवली आणि म्हणाले, "तू आज काहीच सांगत नाहीयेस."

"मी काय सांगू? मला काय कळतंय यातलं?"

"तुझं कपाळ," हे म्हणाले.

"काय झालं माझ्या कपाळाला?"

हे हळू बोलायला जातात तरी हल्ली आवाज मोठाच निघतो. इंजिनच्या वर मला एकेक शब्द ऐकू आला. "कुठे फुस्स होत असलं ना, की तुझ्या कपाळावर आठी पडते. तुला कळतही नाही, पण पडते. मी बरोबर तो पाइप दाबला की आठी जाते. दोन वर्षं मी तसेच पाइप काढतोय. मला काहीच ऐकू येत नाही गं त्या नळीतून. आज तुझं कपाळ अगदी कोरं आहे. म्हणजे गेलं. संपलं माझं."

माझ्या हातातला दिवा खाली आला. दोन वर्षं! म्हणून तो भर दुपारचा दिवा. म्हणून हात धरून वर करायचा, वर करायचा. मी इकडे मूग गिळून बसलेय, यांना कळू नये म्हणून धावपळ करतेय, फोन उचलतेय, आणि हे तिकडे मला कळू नये म्हणून माझ्याच कपाळावर गाड्या दुरुस्त करतायत! एका घरात राहतो आम्ही, एका ताटात वाढून घेतो, आणि एकमेकांपासून लपवायचं काय, तर दोघांनाही माहीत असलेलं.

पण आधी आठवलं काय? सांगायला लाज वाटते. "मला वाटलं, तुम्ही माझ्याकडे बघताय!" मी म्हटलं.

"बघतच होतो की," हे म्हणाले.

मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला राग येतो, तो माझा स्वभावच आहे. दिवा त्यांच्या हातात कोंबला, गाडीचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. दार असं आपटलं की काच हलली. समोर बोनेट उघडं, त्यामुळे हे मला दिसेनात, मी यांना दिसेना. बरंच झालं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, आणि जो पाय जमिनीवर आपटला असता तो समोर जे होतं त्याच्यावर आपटला. ते ब्रेकचं पेडल होतं. दगडासारखं कडक लागलं.

आणि माझ्या पायापाशी फुस्स झालं.

इंजिन थरथरलं. मी पाय काढला. फुस्स बंद, इंजिन शांत. मी पुन्हा पाय दाबला. पुन्हा फुस्स, आणि सगळी गाडी तापातल्या माणसासारखी कुडकुडायला लागली. माझं रडणं जागच्या जागी थांबलं. अहो, नर्सबाई चौकात थांबायच्या म्हणजे काय करायच्या? ब्रेकवर पाय ठेवायच्या! आणि हे इथे बोनेटपाशी उभे, मी दिवा घेऊन यांच्या शेजारी, तर ब्रेकवर पाय ठेवणार कोण? माझं कपाळ बिचारं कोरंच राहणार होतं. त्याला आठी पाडायला काही झालंच नव्हतं.

"अहो!" मी हाक मारली. "अहो, इकडे या!" काही नाही. माझा आवाज तो, बारीक. मी हॉर्नवर हात दाबला तो दाबलाच. पलीकडचा टायरवाला दचकून बाहेर आला आणि त्याच्यामागोमाग हे बोनेटआडून आले, दिवा हातात तसाच.

मी नुसता ब्रेक दाबला.

हे खिडकीतून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग यांचे डोळे मोठे झाले. "आठी!" हे ओरडले. "पडली! केवढी पडली!"

"पडणार नाही तर काय? पायाशी साप बसल्यासारखं होतंय!"

यांनी दार उघडलं, जवळजवळ माझ्या मांडीवरच आडवे झाले आणि पेडलच्या वर हात घातला. पेडल जिथे आत जातं तिथे यांनी तळवा धरला. हवा तळव्याला ओढत होती. यांनी डोळे मिटले. पेडलच्या मागे, पत्र्याच्या भिंतीपलीकडे, एक काळा गोल डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिनची ओढ घेऊन तो ब्रेक दाबणाऱ्या पायाला जोर देतो. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. तो फाटला, की ब्रेक दाबल्याबरोबर बाहेरची हवा थेट इंजिनात.

"एकदा खात्री करून घेतो," म्हणत हे पुन्हा पुढे गेले. बूस्टरकडे जाणारा जाड पाइप पकडीत दाबून धरायचा होता. माझा पाय ब्रेकवर. पण मधे बोनेट! हे मान वाकडी करून करून बघतायत आणि मी यांना दिसत नाहीये. शेवटी मी खिडकीतून अर्धी बाहेर आले, एका हाताने दार धरलं, आणि कपाळ यांच्याकडे केलं. काय दिसत असेन, देव जाणे. टायरवाला तोंड उघडं टाकून बघत होता.

यांनी पाइप दाबला. पायाखालची फुस्स गेली, इंजिन स्थिर झालं. मी हसले असेन, कारण हे हसले. कधीपासून यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मिस्त्री कसले, शाळा सुटलेलं पोर दिसत होते.

दुपारी हे जुन्या पार्टच्या दुकानात जाऊन चांगला बूस्टर घेऊन आले. तो बसवायला डॅशबोर्डच्या खाली उलटं झोपावं लागतं. मी पाने देत बसले. दिवा धरलाच, पण आता जिथे हवा होता तिथे धरला.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. हे म्हणाले, "एक फेरी मारून या, आणि येताना मुद्दाम जोरात ब्रेक मारा." त्या गेल्या, परत आल्या, दारात करकचून थांबल्या. इंजिन चालूच. त्या उतरल्या, बोनेटवर थाप मारली आणि म्हणाल्या, "कमाल केलीत मिस्त्री! कसं सापडलं?"

टायरवालाही येऊन उभा होता, हॉर्नचा काय प्रकार ते विचारायला. मला वाटलं, आता हे कानाच्या पाळीला हात लावणार. मी लावू दिला असता. माझी काही तक्रार नव्हती. पण यांनी हात चिंधीला पुसले, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिने ऐकलं. मला ऐकू येत नाही."

केवढ्याने म्हणाले! यांना वाटलं असेल, आपण हळूच सांगितलं. रस्त्यापलीकडच्या दुकानातून एक बाई मान काढून बघायला लागली. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी जीव टाकत होते ते यांनी एका वाक्यात बोलून टाकलं होतं, आणि आता मला वाटत होतं की ते वाक्य कुठूनतरी पकडून परत आणावं. यांचा चेहरा पांढरा पडला होता. हे वाट बघत होते. काय ऐकावं लागणार, हे यांनी मनाशी कधीच ठरवून ठेवलं होतं.

नर्सबाई जरा गोंधळल्या. "हो, ते माहितीये मला," त्या म्हणाल्या. "मी कधी तुमच्या पाठीमागून बोललेय का? नेहमी समोर येऊनच बोलते ना?"

हे त्यांच्याकडे बघतच राहिले. मग टायरवाल्याकडे बघितलं.

टायरवाला खाली मान घालून बुटाने जमीन उकरत होता. "म्हणून तर मी इतक्या मोठ्याने हसतो, दादा," तो म्हणाला. "नाहीतर बायको घरी ओरडते, हळू हसा म्हणून."

"सगळ्यांना माहीत होतं?" यांनी मला विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. मलाही तेव्हाच कळत होतं, पण मी हलवली.

"मग गाडी इथे कशाला आणलीत?" हे नर्सबाईंना म्हणाले. यांचा आवाज कधी नव्हे तो खरंच बारीक निघाला. "तीन तीन वेळा?"

नर्सबाईंनी किल्ली पिशवीत टाकली आणि जाता जाता सहज बोलून गेल्या, "तुमच्याकडे नाही आणणार तर कुठे नेणार हो मिस्त्री? बरी होईपर्यंत तुम्ही सोडत नाही."

हे चिंधी घेऊन उगाचच पकड पुसायला लागले. मग मान वर करून म्हणाले, "काय म्हणालात? पुन्हा सांगा जरा."

नर्सबाई गाडीच्या दारापाशी पोचल्या होत्या. त्या परत फिरल्या, यांच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश, मोठ्याने, पुन्हा सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

यांना पहिल्या वेळेलाच सगळं कळलं होतं. मी ओळखते ना या माणसाला. पण मी मुळीच बोलले नाही. एकदा सोडून दहादा ऐकू दे की त्यांना.